रंग कोणी सांगायचे

वसतिगृह,
दि. ९ जानेवारी

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘हं’ आणि ‘बरं’च्या पुढे जात नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. कागद समोर असला की तुमचं तोंड उघडतं, असा आईचा अनुभव आहे.

बातमी अशी की मॅडमनी मला अखेर विषय दिला. टोप्या. खडकाला चिकटून बसणारे ते टोपीच्या आकाराचे शंख. त्यांचं पुस्तकी नाव आमच्या लॅबमध्ये कुणी घेत नाही. भरतीचं पाणी चढलं की टोपी खडकावर चरायला निघते आणि ओहोटी लागायच्या आत आपल्या जागेवर परत येते. जागा म्हणजे तिच्याच कवचाच्या काठाने घासून घासून झालेली खोबण. दुसरीच्या खोबणीत ती नीट बसत नाही. मॅडमनी हे इथल्या किनाऱ्यावर दाखवून दिलंय. इतर ठिकाणीही तसंच असतं का, ते मी पाहायचं. कवचावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, कुठल्या जागेवर कुठला रंग त्याचा नकाशा काढायचा आणि ओहोटीला जाऊन कोण कुठे बसलंय ते बघायचं. एवढं शिकून मी शंखांची हजेरी घेते आहे.

मॅडम कामाला वाघ आहेत. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवला नाही तर त्या मला परत पाठवतात, पाणी कमरेला आलेलं असलं तरी. पाय टाकायच्या आधी खडकावर काठी आपटायची, ही त्यांचीच शिकवण. मॅडम म्हणतात, किनाऱ्यावर आपण पाहुणे. पाहुण्याने खुर्च्या हलवू नयेत.

एक विचारायचं होतं. मार्चअखेर मला तुलनेसाठी दुसरा किनारा ठरवायचाय. आपल्या घरामागचा खडक मिळाला तर सुट्टीभर मी घरी राहीन. तिथे पुरेशा टोप्या आहेत का, तेवढं पाहून कळवाल?

मॅडमनी नमस्कार सांगितलाय. त्या तुमच्या पहिल्या विद्यार्थिनी, हे मला त्यांच्याकडून कळलं. याचा जाब भेटीत विचारीन.

लोभ आहे तसा ठेवावा. थोडी भर घातलीत तरी तक्रार नाही.
तुमची,
खारू


घर,
दि. १८ जानेवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. त्यात ‘मॅडम’ हा शब्द इतक्यांदा आला आहे की पत्र त्यांनाच लिहिलं असावं आणि पाकीट चुकलं असावं, अशी मला शंका आली. पुन्हा पत्ता पाहिला. माझाच होता.

दगड होता तसा ठेवणे, काठी आपटणे, पाहुणे आणि खुर्च्या, ही सर्व वचनं माझी आहेत. पाहुण्यांचं वाक्य तर मी तुझ्या आईच्या माहेरच्यांना उद्देशून म्हटलं होतं, किनाऱ्यावर ते नंतर लावलं. तू वाढलीस त्याच घरात मी रोज जेवत होतो. पण पिकतं तिथे विकत नाही, आणि आता माझाच माल तू परगावाहून दुप्पट कौतुकाने आणते आहेस.

शंख घरी जातो की नाही हा प्रश्न बाईसाहेबांनी माझ्याच खोलीत, माझ्या टेबलापाशी उभं राहून विचारला होता. असल्या गोष्टी विचारायला विद्यापीठ नसतं, असं मी म्हणालो. त्यांनी दुसरं विद्यापीठ गाठलं आणि त्याच प्रश्नावर नाव कमावलं. मी सबंध नोकरी शंखांची वाढ मोजली. तेही कवचावर कानशीने खुणा करून, नखरंगाची दुकानं न मांडता. माझं काम आता कपाटात आहे. मला त्याचं काही वाटत नाही.

खडकाचं म्हणशील तर टोप्या औषधालाही उरलेल्या नाहीत. दुसरीकडे बघ.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण आईइतका नाही.

लोभ आहेच. तो वाढवायला तुझ्या मॅडमची परवानगी लागत नसावी.
तुझे,
बाबा


वसतिगृह,
दि. २ फेब्रुवारी

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उघडलं आणि खोलीभर जळका वास पसरला. माझ्या खोलीतली मैत्रीण विचारत होती, काय करपलं म्हणून.

मॅडमना मी पत्रातलं काही सांगितलं नाही. तुमचा विषय मात्र त्या स्वतःच काढतात. परवा भर उन्हात डबा खाताना तुमच्या गोष्टी सांगत बसल्या. तुम्ही खडकावर गाणी म्हणायचात म्हणे. शेवाळावरून जाताना त्यांचा हात धरायचात. बाकीच्या मुलांना लांब लांब बसवायचात आणि त्या मात्र कायम तुमच्या उजव्या हाताला. संध्याकाळ झाली की सगळ्यांना घरी पाठवून त्यांच्यासह दोघीतिघींना लाटा कशा वाचायच्या ते शिकवत बसायचात. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मीही हसले. पण खरं लिहिते, मला हेवा वाटला. असा तसा नाही, डबा अर्धाच मिटून ठेवला इतका. मला मिळालेले बाबा संध्याकाळी दमून यायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. मी चित्र काढून आणलं की ‘छान’ म्हणून परत द्यायचे, एका शब्दात. खडकावर येते म्हटलं की घसरशील म्हणायचे. मॅडम घसरल्या असत्या तर चालणार होतं का? गाणारे बाबा त्यांना मिळाले आणि दमलेले मला. घर माझं आणि बाबा त्यांचे, अशी वाटणी कुणी केली?

जाऊ दे. टोप्या नाहीत हे वाचून वाईट वाटलं. मॅडमनी दुसरा एक किनारा सुचवलाय, तिकडे जावं लागेल. म्हणजे सुट्टीत घरी येणं काही जमणार नाही.

आईच्या गुडघ्याला माझा नमस्कार. रागावला असाल तर लोभाच्या हिशेबी धरावं.
तुमची,
खारू


घर,
दि. २० फेब्रुवारी

चि. खारूस आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी तुझ्या बाबांच्या पाठीमागे लिहिते आहे. पाठीमागे म्हणजे ते खिडकीतून दिसतायत, खडकावर, पाठ करून.

टोप्या नाहीत म्हणून त्यांनी तुला कळवलं ना? पत्र पेटीत टाकून आले आणि तडक माझ्या नेलपॉलिशच्या बाटल्या मागायला लागले. लाल, हिरवी, निळी. हिरवी मला कुणीतरी भेट दिलेली, मी कधी लावली नव्हती. प्रत्येक बाटलीवर रंगाचं नाव लिहिलेली चिठ्ठी मला चिकटवायला लावली आणि गेले. तेव्हापासून रोज ओहोटी लागली की हे बाहेर. गेल्या आठवड्यात लाल संपली, तर बाजारातून मी नवी आणून दिली. तीच छटा मिळाली नाही, थोडी फिकी आहे. त्यांनी बघितलंसुद्धा नाही, चिठ्ठी तेवढी लावून घेतली.

आता माझं ऐक. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने माझ्या नखांकडे एकदा मान वर करून पाहिलं नाही. आणि शंखांना मात्र गुडघे टेकून, जीभ दातांत धरून नेलपॉलिश लावतोय. सवतीला नटवावं तसं. मी खिडकीत उभी राहून बघते आणि माझा जळफळाट होतो. काल मी मुद्दाम उरलेली निळी लावून जेवायला वाढलं. म्हणाले, कालवणात मीठ कमी आहे.

हे सगळं कशासाठी चाललंय ते न कळायला मी काही दूधखुळी नाही. तू घरी यावंस म्हणून. पण ये म्हणतील तर ते तुझे बाबा कसले. तुझं मागचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसला आणि मग पुन्हा वाचलं.

मी लिहिलं हे कळू देऊ नकोस. खात जा.
तुझी,
आई


घर,
दि. १४ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

टोप्या आहेत. मागच्या पत्रातलं विधान घाईचं होतं.

नुसत्या आहेत असं नाही, मी त्यांच्यावर काम केलं आहे. बाईसाहेबांच्याच पद्धतीने, उद्या पद्धत वेगळी म्हणायला जागा नको म्हणून. नेलपॉलिश, नकाशा, ओहोटीची हजेरी, सर्व. आणि निष्कर्ष असा की त्यांचा सिद्धांत आमच्या खडकावर लागू होत नाही. लाल टोपी खुशाल हिरवीच्या घरात बसलेली असते. हिरवी लालच्या. एका ओहोटीला घरी, दुसऱ्या ओहोटीला शेजारी, धरबंद म्हणून नाही. निळ्या तेवढ्या नेमाने आपल्या जागेवर परततात. निळ्यांचं मला कौतुक वाटतं.

फोटो सोबत पाठवतो आहे. कोणती कुठे सापडली ते प्रत्येकाच्या मागे लिहिलं आहे. खुशाल बाईसाहेबांना दाखव. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सविस्तर कळव, अक्षर बारीक काढलंस तरी चालेल.

तेव्हा तुला दुसरा किनारा शोधायचं कारण उरलेलं नाही. इतका महत्त्वाचा खडक घराच्या मागे असताना दुसरीकडे जाणं शास्त्राला धरून होणार नाही. तुझ्या खोलीतली खोकी मी काढून ठेवली आहेत. ती निराळ्या कारणासाठी काढली, पण खोली रिकामी आहे.

गुरूची विद्या गुरूला फळते म्हणतात. या वेळी गुरू जागा होता.
लोभ आहे, आणि आज जरा जास्तच आहे.
तुझे,
बाबा


वसतिगृह,
दि. २१ मार्च

ति. आईस,
सा. न. वि. वि.

आई, हे पत्र बाबांना दाखवू नकोस. मला कळत नाही मी काय करू.

बाबांनी फोटो पाठवले. मागे लिहिलंय, ‘लाल, हिरवीच्या घरात’. उलटून बघते तर समोर हिरवीगार टोपी, आपल्याच खोबणीत, काठाला काठ लावून बसलेली. दुसरा फोटोही तसाच. मागे ‘हिरवी, लालच्या घरात’, आणि पुढे फिकट लाल. सगळ्या टोप्या आपापल्या घरी आहेत, आई. एकही हललेली नाही. डोळ्यांना दिसतंय ते सोडून बाबांनी उलट लिहून पाठवलं आणि वर ते मी खुशाल मॅडमना दाखवावं म्हणतात. मॅडमना खाली पाहायला लावायचं म्हणून बाबा खोटं लिहितील? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. पण अक्षर त्यांचं आहे.

पुढचं ऐक. मी फोटो मॅडमसमोर ठेवले. मला वाटलं चिडतील. पण त्यांनी एकेक फोटो पाहिला, मागचं वाचलं, मग सगळे पत्त्यांसारखे गोळा करून ड्रॉवरमध्ये टाकले. लॅबमध्ये कुणाला दाखवू नकोस म्हणाल्या, सरांनाही काही लिहू नकोस, मी स्वतः जाऊन त्यांना भेटते. का, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ते सरांचं आणि माझं आहे, तुला सांगायला ते मोकळे आहेत, मी नाही.

सरांचं आणि माझं. माझ्या बाबांच्या खोट्यावर पांघरूण घालायचा हक्क यांना कुणी दिला? खोटं बोलले तर तेही माझ्याशी बोलले, मला पचवू देत. मी त्यांची मुलगी आहे की पोस्टमन? त्या दिवसापासून मी मॅडमशी कामापुरतं बोलते. दुसऱ्या किनाऱ्यासाठीचा अर्ज भरून टेबलावर ठेवलाय. घरी यायचं मनात नाही.

तुला काही ठाऊक असेल तर सांग. नसेल तर नुसतं पत्र पाठव.
तुझी,
खारू


घर,
दि. २७ मार्च

चि. खारूस आईचे आशीर्वाद.

तो अर्ज आधी फाड.

तुझे बाबा खोटं बोललेले नाहीत. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. त्यांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही, बाळा. जन्मापासून. दोन्ही एकाच मातकट रंगाचे दिसतात. गडद की फिका, एवढ्यावर ते ओळखतात. आधी लाल गडद होती आणि हिरवी फिकी. मग मी बाजारातून ती फिकी लाल आणली, त्यांच्या डोळ्यांना हिरवीहूनही फिकी, आणि सगळा घोटाळा झाला. बाटलीवर चिठ्ठी असते, शंखावर नसते. निळा त्यांना तुझ्यामाझ्यासारखा दिसतो, म्हणून निळ्या तेवढ्या गुणी.

तू आता म्हणशील, मला कसं कळलं नाही. कळू दिलं नाही म्हणून. त्यांचे मोजे मी जोडून ठेवते. टोमॅटो ते दाबून घेतात. सगळे शर्ट राखाडी का, असं तू एकदा विचारलं होतंस, तेव्हा ते शास्त्रज्ञाला शोभतात म्हणाले होते. मला त्यांनी शपथ घातली होती, लेकीला सांगायचं नाही. ती मी आज मोडली.

तुझ्या मॅडमला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ती शेजारी बसून हळूच शंख-शेवाळाचे रंग सांगायची, म्हणून ती उजव्या हाताला. सांगू का, तेव्हा मलाही तिचा फार हेवा वाटायचा. घरी मी मोजे जोडत होते आणि गाणी ती ऐकत होती. पण इतक्या वर्षांत तिने हे कुणाजवळ काढलं नाही, तुझ्याजवळसुद्धा नाही. तेव्हा तिच्याशी कामापुरतं बोलणं पुरे कर.

ते रोज पोस्टमनची वाट बघतायत, बाईसाहेबांचा चेहरा कसा झाला ते वाचायला. काय लिहायचं ते तूच ठरव.
तुझी,
आई


वसतिगृह,
दि. २ एप्रिल

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईने सांगितलं. तिच्यावर रागावू नका, मीच तिला पेचात धरलं होतं.

फोटो पाहून मला वाटलं, तुम्ही मुद्दाम उलट लिहिलंत. काही दिवस मी तसंच समजून होते आणि ते दिवस वाईट गेले. तुम्ही खोटारडे नाही, एवढ्याने मला इतकं बरं वाटलं की मी लॅबमध्ये उगाच सगळ्यांना चहा पाजला.

टोप्या सगळ्या घरी आहेत, बाबा. लालही आणि हिरव्याही. मॅडमचं बरोबर होतं. ते तुम्हाला आवडणार नाही, पण आता लपवालपवी नको.

एकच विचारते. जे त्यांना पहिल्या आठवड्यात सांगितलंत ते मला का नाही?
तुमची,
खारू


घर,
दि. १० एप्रिल

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

त्यांना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी ओळखलं. तूही ओळखशील अशी मला धास्ती होती, म्हणून तुला कधी खडकावर नेलं नाही.

तू चार वर्षांची असताना मला विचारलं होतंस, बाबा, या फुग्यांतला लाल कुठला. मी दाखवला. तू हसलीस, आणि फुगेवालाही हसला. बाहेरच्यांसमोर एखादी गोष्ट आली नाही तर खपून जाते. लेकीसमोर मला ते जमलं नाही. बाबांना सगळं येतं, असं तू शाळेत सांगत फिरायचीस. ते मला फार आवडायचं.

तुझी चित्रं मी पाहत असे. रेषा सगळ्या पाहत असे. ‘छान’च्या पुढे गेलो असतो तर रंगावर आलो असतो, म्हणून थांबत असे. तू ते एका शब्दात मोजलंस, यात तुझी चूक नाही.

बाईसाहेबांचं बरोबर निघालं याचा मला त्रास होतो आहे. तो होऊ द्यावा. पण त्यापेक्षा जास्त त्रास मला कशाचा झाला ते सांगतो. तुझ्या पत्रांत दर ओळीला मॅडम म्हणतात, मॅडम म्हणतात. बाबा म्हणतात असं तू कुठे लिहिलं असशील का, असा विचार करत मी खडकावर बसत असे. या वयात हे शोभत नाही, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

खडकावर ठिपके पुन्हा द्यावे लागतील. सगळं पहिल्यापासून. मला एकट्याने जमणार नाही. तेव्हा तू ये.

मॅडमनाही खुशाल आण. आई म्हणते, आणलंच पाहिजे. त्यांना खडकाच्या पलीकडच्या टोकाला बसवू, तिथे सावली आहे. उजव्या हाताला तू. रंग तू सांगायचेस.

लोभ मागण्याची पाळी आज माझी आहे.
तुझे,
बाबा


वसतिगृह,
दि. १६ एप्रिल

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी मॅडमना वाचून दाखवलं. पलीकडच्या टोकाची सावली ऐकून हसल्या. मग ‘रंग तू सांगायचेस’ ही ओळ आली आणि त्या उठल्या. खिडकीशी जाऊन उगाच बाटल्या पुसत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ते काम माझं होतं. त्यांचा चेहरा कसा झाला ते सविस्तर कळव, असं तुम्ही लिहिलं होतंत. तर कळवते, हेवा वाटल्यासारखा झाला होता. माझा चेहरा त्या डब्याच्या दिवशी असाच झाला असणार.

पण काम त्यांनी रीतसर माझ्या हवाली केलं. म्हणाल्या, सर कधी विचारणार नाहीत. तेव्हा नोंदी लिहिताना हात मध्येच थांबायचा, आता ब्रश धरून थांबेल. तेव्हा त्यांच्याकडे बघायचं नाही. समुद्राकडे बघायचं आणि रंगाचं नाव आपल्याशीच पुटपुटल्यासारखं म्हणायचं. मग ते गाणं पुढे चालू करतात.

आम्ही दोघी शनिवारी पोचतो. माझी खोकी तशीच राहू द्या, मी लावीन. आईसाठी नेलपॉलिश आणते आहे, चांगली ठसठशीत निळी, आणि जेवताना तुम्ही ती स्वतःहून ओळखायची आहे.

बाकी काही लागणार नाही. तुम्ही ब्रश धरा, बाबा. हात थांबला की मी बोलेन.
तुमची,
खारू